नव्वद दिवसांचा दाखला

कुंदाबाईने भाकरीचा तुकडा डब्याच्या झाकणावर ठेवून पुढे केला नसता, तर प्रेमराजचा तो दिवस इतर दिवसांसारखाच गेला असता. नशिराबादच्या रस्त्याला कौतिक महाजनचं दुमजली काम चाललं होतं आणि प्रेमराज नारखेडे तिथे सहज थांबला होता. सहज म्हणायची आपली एक रीत. स्लॅबचा साचा उभारणाऱ्या सेंट्रिंग ठेकेदारांच्या संघटनेचा अध्यक्ष दुसऱ्या ठेकेदाराच्या कामावर कधीच सहज थांबत नाही. साच्याच्या प्लेटा सरळ आहेत का, टेकू किती अंतरावर लावलेत, हे त्याला बघायचंच असतं, आणि बघून मनातल्या मनात नाक मुरडायचं असतं. जेवणाची सुट्टी होती. नव्या स्लॅबच्या सावलीत, टेकूंच्या जंगलात बायका डबे सोडून बसल्या होत्या. कुंदाबाई पूर्वी त्याच्याकडे माल वाहायला होती. तिने हाक मारली, "या भाऊ, घासभर खा. वांग्याचं भरीत आहे." असोद्याच्या माणसाला भरताला नाही म्हणता येत नाही. तो विटेवर टेकला, झाकण हातात घेतलं, पहिला घास खाल्ला, आणि भरीत सरकलं तेव्हा झाकणाच्या मधोमध उमटवलेली अक्षरं दिसली. बांधकाम मजुरांच्या सरकारी कल्याण मंडळाचं नाव होतं ते. ही भांडी बाजारात मिळत नाहीत. ज्याच्याकडे मंडळाचं कार्ड आहे त्यालाच ती मिळतात.

"कार्ड कधी झालं गं तुझं?" त्याने विचारलं. "मागल्या सालीच झालं ना, भाऊ. एप्रिलमधी," कुंदाबाई म्हणाली. "शेठनं दाखला दिला, आमा सगळ्याईले. माह्या पोराच्या शाळेचे पैसे बी आले." तिने ते इतक्या समाधानाने सांगितलं की प्रेमराजला मान हलवावीच लागली. पण घास तोंडात तसाच राहिला. मागच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतला एकही सेंट्रिंग ठेकेदार मजुराच्या नव्वद दिवसांच्या दाखल्यावर सही करत नव्हता. करायची नाही असा ठराव होता. ठराव धुळ्याच्या सभेत झाला होता, तो मांडला होता कौतिक महाजनने, आणि त्याखाली पहिली सही होती अध्यक्ष प्रेमराज नारखेडे याची.

कौतिक तेवढ्यात आलाच, मोबाइल कानाला, पान तोंडात. प्रेमराजने त्याला बाजूला घेऊन विचारलं. कौतिक आधी गडबडला, मग त्याने पान एका गालात सारलं आणि हसला. "भाऊ, ठराव आमदारसाहेबांना दाखवायला असतो. माणसं आपली असतात. ती दुसरीकडे गेली तर प्लेटा काय मी ठोकू?" "म्हणजे तू दाखले दिलेस?" "मीच काय, नवलने दिले, धुळ्याच्या अभिमनने दिले. तारखा मागच्या टाकल्या, बोभाटा केला नाही, एवढंच." मग प्रेमराजच्या चेहऱ्याकडे बघता बघता कौतिकचं हसू हळूहळू उतरलं. "भाऊ," त्याने आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही खरंच कोणालाच दिला नाही?"

प्रेमराज तसाच वळला. गाडीत येऊन बसला, किल्ली फिरवली नाही. काचेवर फेब्रुवारीचं ऊन होतं. आपल्याला राग यायला हवा, कौतिकची गचांडी धरायला हवी, असं त्याला वाटत होतं आणि राग काही येत नव्हता. येत होती ती लाज, आणि तीही उलटीच. खोटं बोलताना पकडल्या गेलेल्या माणसाला येते तशी लाज खरं वागल्याबद्दल येत होती. लग्नाच्या पंगतीत आपणच एकटे उपास धरून बसावं आणि मग कळावं की आज एकादशी नव्हतीच. पण उपास आपल्या पोटाला घडला असता तर माणूस चार लोकांत हसून मोकळा झाला असता. इथे उपाशी दुसराच राहिला होता. त्या दुसऱ्याचं नाव मनात यायच्या आत त्याने किल्ली फिरवली, पण नाव काय, इंजिनाच्या आवाजाने थोडंच थांबणार होतं.

झिपरू. एकतीस वर्षं त्याचा मुकादम. भडगावजवळच्या गिरणेकाठच्या गावातून आला तेव्हा झिपरू एकोणतीसचा होता आणि प्रेमराज असोद्याची केळीची बाग भावाच्या गळ्यात टाकून ठेकेदारी शिकायला निघालेला, अंगावर एकच बरा सदरा असलेला पोरगा. सेंट्रिंगच्या धंद्यात एक काम असतं, त्याला नाव नाही. वर स्लॅब भरायला सुरुवात झाली, माल पडू लागला, की एका माणसाने खाली उभं राहायचं. वरून टनावारी ओझं चढत असतं आणि हा खाली टेकूंमधून फिरत असतो. कुठला टेकू बसतोय, कुठली पाचर सुटतेय, कुठे प्लेट कण्हतेय, ते बघायचं, ऐकायचं, हातोडीचा एक ठोका द्यायचा नाहीतर वर ओरडायचं. शेवटचं घमेलं पडेपर्यंत हलायचं नाही. काही झालंच तर पहिला तोच जाणार, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. एकतीस वर्षांत प्रेमराजच्या एकाही स्लॅबला खाली दुसरा माणूस उभा राहिला नव्हता. वर उभं राहून प्रेमराज मालकाला सांगायचा, "काळजी करू नका, खाली झिपरू आहे." मालकांना झिपरू कोण ते ठाऊक नसायचं, पण हे वाक्य ऐकून ते निश्चिंत व्हायचे. झिपरूच्या गावाकडे जायला पाचोऱ्याच्या रस्त्याला लागताना प्रेमराजला वाटलं, आपण आयुष्यभर विकलं ते हे वाक्यच. प्लेटा तर कोणाकडेही असतात.

आणि ठराव? ठरावाचंही त्याचं त्याला एक कारण होतं, आणि ते अगदीच पोकळ नव्हतं. मजुराला मंडळाचं कार्ड काढायचं तर ठेकेदाराचा दाखला लागतो, की या माणसाने वर्षात नव्वद दिवस माझ्याकडे काम केलं. पूर्वी कोणीही डोळे झाकून सही करायचा. मग वरून एक पत्रक निघालं, की ज्याची सही त्याच्यावरच मजुराच्या अपघाताची सारी जबाबदारी, मग तो मजूर त्या दिवशी कोणाच्याही कामावर असो. ठेकेदार हादरले. मजूर आज इथे, उद्या तिथे. नाक्यावरचा माणूस जन्मभर आपल्या नावावर कसा घ्यायचा? धुळ्याच्या सभेत माणसं खिडक्यांत उभी राहिली होती. कौतिकने माइक घेतला आणि म्हणाला, निवडणूक तोंडावर आहे, सरकारला मजुरांची मतं हवीत, कार्डं वाटायचीत, आणि कार्डाची किल्ली आपल्या खिशात आहे. पत्रक मागे घेईपर्यंत दाखला बंद! टाळ्या अशा पडल्या की पंख्यांचा आवाज बुडाला. त्याच सभेत आमदारसाहेबांच्या निवडणुकीसाठी निधीची घोषणा झाली आणि संघटनेच्या रिवाजाप्रमाणे पहिली पावती अध्यक्षाची फाटली. नाव मोठ्याने वाचलं जायचं आणि माणसाने उभं राहून नमस्कार करायचा. प्रेमराज उभा राहिला. आता गाडी चालवताना त्याला तो उभा राहिलेला प्रेमराज समोर दिसत होता, कडक इस्त्रीतला, छाती किंचित पुढे. जन्मभर लोक त्याला "ओ सेंट्रिंगवाले" म्हणत आले होते. त्या दिवशी निवेदकाने "आदरणीय" म्हटलं होतं. एका शब्दाला माणूस किती स्वस्तात जातो!

तो मार्च होता. सभेला आठ दिवस झाले नसतील, झिपरू ऑफिसात आला. ऑफिस म्हणजे गोदामापुढची एक खोली, पण झिपरू कधी तिच्या उंबऱ्याच्या आत येत नसे, बाहेरूनच बोलायचा. त्या दिवशी आत आला, अंगात धुतलेला सदरा. "भाऊ, जूनमां माले साठ पुरा व्हतस," तो म्हणाला. "साठना पुढे कार्ड देतस नही. त्याना पहिले दाखला जोयजे. मनी पोर नूतनले नर्सिंगले घालनी शे, मंडळ फी देस म्हणे." जून म्हणजे एक जून. झिपरू तिसरीपर्यंत शाळेत गेला होता आणि गुरुजींनी त्या वर्गातल्या बहुतेकांना एक जूनलाच जन्माला घातलं होतं. तो खरा कधी जन्मला ते त्याच्या आईलाही पोळ्याच्या आगेमागे एवढंच आठवायचं. गुरुजींनी हात जरा सैल सोडून पोळ्याजवळची तारीख घातली असती तरी पुरलं असतं. कारण पत्रक मागे घेतलं गेलं ते ऑगस्टमध्ये.

"थोडं थांब," प्रेमराज म्हणाला होता. आपण नेमकं काय म्हणालो ते त्याला शब्दन्शब्द आठवत होतं, आणि विसरता आलं असतं तर त्याने त्यासाठी काहीही दिलं असतं. "थांब झिपरू, एक-दोन महिन्यांत निकाल लागतो. ठराव झालाय. अध्यक्षानेच मोडला तर बाकीच्यांनी काय करावं?" झिपरू म्हणाला, "मना एकला कागदमुळे काय व्हई, भाऊ?" "तुझा एकट्याचा असला तरी सही माझी आहे ना. लोक बोट दाखवतील." झिपरू उभाच राहिला. त्याला जायची घाई नव्हती. टेकू बसतोय की धरतोय ते बघायला थांबतात तसा तो थांबला होता. प्रेमराजला ते थांबणं सोसवेना. तो म्हणाला, "नूतनच्या फीचंच आहे ना? ती मी भरतो. बोल, आत्ता देतो." आणि खरंच त्याने ड्रॉवर उघडला. तो ड्रॉवर उघडल्याचा आवाज! आपण मोठं मन दाखवतोय असंच त्याला तेव्हा वाटलं होतं. झिपरूची मान खाली गेली. "पैसा नको, भाऊ," तो म्हणाला. "पैसा कोणी बी देस. मी तुम्हनाकडे काम कयं, इतलंच लिखी द्या." मग उत्तराची वाट न बघता तो बाहेर गेला आणि त्याच दुपारी पिंप्राळ्याच्या स्लॅबखाली उभा राहिला.

एप्रिल गेला, मे गेला. रोज दोघं भेटत होते, कामाचं बोलत होते. घरी बायको सुनंदाबाई एकदा म्हणालीही, "झिपरूले देऊन टाका ना तो कागद. कोन येते बघायले?" प्रेमराज तिच्यावर खेकसला, "तुला काय कळतं त्यातलं?" बायकोला काही कळत नाही असं नवरा ज्या बाबतीत म्हणतो, ती बाब बहुतेक वेळा तिला पुरती कळलेली असते. संघटनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज मुठी उगारलेली चित्रं यायची, 'एकजूट अभेद्य' असं लिहिलेली. त्यात कौतिकची सर्वांत जास्त. प्रेमराज ती रात्री अंथरुणात बघायचा आणि त्याला बळ यायचं. झिपरूकडे डोळा न मिळवण्याचं बळ. जूनच्या दोन तारखेला झिपरू नेहमीप्रमाणे कामावर आला, संध्याकाळी हातोडी गोदामात ठेवली आणि उंबऱ्याबाहेरून म्हणाला, "साठ व्हई गयात, भाऊ. आते गावले जास." भांडण नाही, तंटा नाही. ऑगस्टमध्ये पत्रक मागे घेतलं गेल्यावर मिरवणूक निघाली. साहेब निवडून आल्यावर संघटनेने त्यांचा सत्कार केला, चांदीची थापी दिली. थापी हे गवंड्याचं हत्यार, पण सेंट्रिंगवाल्याचं चांदीत घडवावं असं एकही हत्यार नाही. टेकू काय चांदीचा करणार? ती थापी प्रेमराजच्याच हातून दिली गेली. फोटो गोदामापुढच्या खोलीत लावलेला आहे.

त्या फोटोखाली बसूनच त्याने आज, तासाभरापूर्वी, संघटनेच्या छापील पॅडवर झिपरूचा दाखला लिहिला होता. कौतिकच्या साइटवरून निघाल्यावर गाडी आपोआप गोदामाकडे वळली होती. तारखेशी येऊन हात अडखळला. मग त्याने मागच्या वर्षीची वीस मार्च टाकली. सगळ्यांनी तेच केलं होतं. झिपरू येऊन गेला तो दिवस तोच असावा, असा त्याने अंदाज बांधला. सही करताना त्याला बरं वाटलं. वाटेत पाचोरा लागलं, तिथे त्याने चहा घेतला आणि मनात बोलणीही ठरवून टाकली. झिपरू रागावेल, बोलेल. बोलू दे. चार शिव्या दिल्या तर फारच उत्तम. आपण ऐकून घेऊ, मग कागद पुढे करू. एवढ्या वर्षांची माणसं, शेवटी सगळं निभतं. चहा पिता पिता त्याचे डोळे भरून आले आणि आपले डोळे भरून आले याचंही त्याला जरासं कौतुक वाटलं.

ऊन कलताना तो झिपरूच्या दारात पोचला. झिपरू बाजेवर बसून शेजाऱ्याच्या विळ्याला मूठ बसवत होता. प्रेमराजला बघून उठला, मूठ बाजूला ठेवली, बाज झटकली. "या भाऊ, बठा." रागाचा पत्ता नव्हता. आतून त्याची बायको ताईबाई डोकावली आणि चहा ठेवायला वळली. नूतन नुकतीच भडगावहून आली होती, ओढणी अजून खांद्याला पिनेने लावलेली. नर्सिंग राहिलं. ती आता तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन अर्ज भरायच्या कामाला होती. प्रेमराजने ठरवलेलं काहीच बोलणं झालं नाही. त्याने खिशातून कागद काढला आणि झिपरूच्या हातात दिला. झिपरूने तो उलटासुलटा बघितला आणि पोरीकडे दिला. "वाच."

नूतनने वाचला, भराभर, रोज वाचणाऱ्या माणसाच्या सपाट आवाजात. "दाखला देण्यात येतो की श्री. झिपरू, यांनी माझ्याकडे किमान नव्वद दिवस बांधकाम मजूर म्हणून..." ती थांबली. "वडिलांच्या नावाची जागा कोरी आहे, काका."

प्रेमराजला लिहिताना ती जागा दिसलीच नव्हती असं नाही. पुढे विचारून भरू म्हणून त्याने ती सोडली होती. आता त्या अंगणात, चुलीच्या धुरात, त्याला कळलं की एकतीस वर्षांत ते विचारायचं राहिलं होतं. "पुना," झिपरू शांतपणे म्हणाला. "मना बापनं नाव पुना." प्रेमराजने पेन काढलं, कागद मांडीवर घेतला आणि 'पुना' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"आणि तारीख मागची टाकलीय," नूतन म्हणाली. "वीस मार्च."

"चालतं म्हणतात," प्रेमराज म्हणाला.

"चालतं. आमच्या दुकानात येतात तसे. मी रोज स्कॅन करते. पण आबांचा अर्ज कॉम्प्युटर आता घेणारच नाही, साठ झाले ना." तिचा आवाज चढला नाही. "मला एवढंच कळत नाही, काका. वीस मार्चची सही आज करता येते, तर ती वीस मार्चलाच का नाही करता आली?"

"मला वाटलं बाकी सगळे पाळताहेत," प्रेमराज म्हणाला. बोलता बोलताच त्याला ते ऐकू आलं, आणि शाळेत मार खाताना मुलं सांगतात तसं वाटलं. "आज कळलं मला. कोणीच पाळला नाही. मी एकटाच मूर्ख."

"आम्हले तवयच कळनं व्हतं," झिपरू म्हणाला. प्रेमराज त्याच्याकडे बघतच राहिला. "तेव्हाच? मग मला बोलला का नाहीस?" झिपरूने बाजूचा विळा हातात घेतला. उत्तर नूतननेच दिलं. "मेमध्ये कौतिकशेठांच्या मुकादमाचा निरोप होता. म्हणे, तुमचं नाव आमच्या मजुरांत घालतो, दाखला घेऊन जा. मी फॉर्म भरून ठेवला होता. आबा गेलेच नाहीत."

"का रे?" प्रेमराजने विचारलं. "का नाही गेलास?"

"त्यासनाकडे मी एक दिन बी काम कयं नही, भाऊ," झिपरू म्हणाला. "मंग लिखी कसं लेऊ? मी तुम्हनाकडेच व्हतू." यात विचारण्यासारखं काय आहे हेच त्याला समजत नसावं, असा त्याचा चेहरा होता.

ताईबाईने चहा आणून ठेवला. प्रेमराजला वाटलं, आता झिपरूने काही बोलावं. शिवी द्यावी, हातातला विळा फेकावा, काहीही. इतका वेळ तो फसवलं गेल्याचं दुःख करत आला होता, आणि ते दुःख मुळात केवढंसं होतं! कौतिकने त्याला फसवलं नसतं, सगळ्यांनी ठराव अगदी प्राणपणाने पाळला असता, तरीही या अंगणात हेच झालं असतं. झिपरू थांबला होता तो कार्डासाठी नव्हताच. प्रेमराजच्या सहीसाठी थांबला होता, साठ दिवस, सत्तर दिवस, रोज समोर उभा राहून. आणि प्रेमराज आपल्या नावाला जपत बसला होता. त्याने कपबशी उचलली आणि तशीच खाली ठेवली. "चूक झाली, झिपरू," तो म्हणाला. एवढंच. ठरवून आणलेल्या बोलण्यातलं एवढंच शिल्लक राहिलं होतं.

"ऱ्हाऊ द्या," झिपरू म्हणाला. "तुम्ही तुम्हना बोल पाळा व्हता. मी बी मना पाळा व्हता."

नूतनने मांडीवरचा कागद उचलून त्याची नीट घडी घातली. ती बापाला दिली नाही, प्रेमराजलाही दिली नाही, हातातच धरली. "दोघांनी पाळलात," ती म्हणाली, "आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही." मग ती कागद घेऊन आत गेली. बाहेर बसलेल्या दोघांपैकी कोणालाही तिला हाक मारायचा धीर झाला नाही.